बनियनवरचा डाग आधी आपल्याला दिसतो

(डोंगरकडा परिसरातील बचत गटांसाठी रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)



कुणाची भाकर तव्यावर असेल, कुणी केळीच्या बागेत जायच्या गडबडीत असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडं द्या. आज आपण पोरांच्या कातडीबद्दल आणि केसांबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, पुळ्या आणि टक्कल हा काय रेडिओवर बोलायचा विषय झाला? पण थोडं ऐका. या पुळ्यांच्या मागं कधी कधी एक सुई असते, आणि ती सुई घरात सगळ्यांच्या आधी आपल्याच लक्षात येऊ शकते.

डोंगरकडा, वारंगा फाटा, आखाडा बाळापूर या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर या. पोरं पळताना दिसतात. आता पोरीही दिसतात, आणि ते बघून जीव सुखावतो. कुणाला पोलिसात जायचंय, कुणाला फौजेत. दोन एकराच्या शेतीत चार भावांचं भागत नाही, म्हणून घरातल्या एकाला तरी सरकारी नोकरी लागावी, ही घराघरातली आस आहे. त्यासाठी आई गटातून कर्ज उचलते, बाप बैल विकतो. पोरगं शहरात खोली करून राहतं, अकादमीत जातं, जिमला जातं.

आणि तिथंच कुणीतरी त्याला सांगतं, "नुसत्या भाकरीवर काय होणार? एक ताकदीचं इंजेक्शन घे, महिन्यात अंग भरतं." 2023 च्या जानेवारीत राज्यात पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या चालू होत्या. तेव्हा उमेदवारांजवळ इंजेक्शनं आणि सुया सापडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. ती पोरं कुणा परक्याची नव्हती. आपल्यासारख्याच घरांतली होती.

या "ताकदीच्या" औषधांत बऱ्याचदा अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड असतं. म्हणजे काय? पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचा एक हार्मोन नैसर्गिकच तयार होतो. वयात येताना पोराला मिसरूड फुटते, आवाज फुटतो, अंगात बळ येतं, ते याच्यामुळं. 1935 साली हा हार्मोन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केला. पुढं त्याच्यासारखी कितीतरी औषधं निघाली. काही आजारांत डॉक्टर ती मोजून-मापून देतात. पण अंग फुगवायला जे घेतात, ते त्याच्या कितीतरी पट घेतात, आणि तेही कुणा जाणकाराला न विचारता.

इथं एक गोंधळ आधी दूर करू. स्टेरॉइड म्हटलं की सगळं एकच, असं नाही. दम्याच्या पंपात, सांधेदुखीच्या गोळीत, खाजेच्या मलमात असतं ते स्टेरॉइड वेगळ्या जातीचं. त्यानं अंग भरत नाही. डॉक्टरनं तुम्हाला दम्यासाठी पंप दिला असेल, तर माझं आजचं बोलणं ऐकून तो बंद करू नका. मात्र त्या जातीचं मलमही मनानं तोंडाला फासायचं नसतं. गोरं व्हायला, डाग घालवायला म्हणून बाया ते महिनोन् महिने लावतात. मग कातडी पातळ होते, तोंड लालेलाल होतं, पुळ्या येतात, ओठावर लव वाढते. म्हणूनच 2018 साली केंद्र सरकारनं अशी 14 प्रकारची स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केला. तो विषय मोठा आहे. आज आपण अंग भरणाऱ्या स्टेरॉइडबद्दलच बोलू.

तर ते औषध अंगात गेल्यावर कातडीचं काय होतं?

आपल्या कातडीत तेलाच्या बारीक बारीक ग्रंथी असतात. चेहरा, पाठ, खांदे आणि छाती, या जागी जास्त. या ग्रंथी त्या पुरुषी हार्मोनच्या हुकमात असतात. हार्मोन वाढला की त्या मोठ्या होतात आणि तेल सोडत सुटतात. छिद्रं बुजतात, आत जंतू वाढतात, पू धरतो. साध्या पुळीनं सुरू होतं आणि काही जणांना पाठभर बोराएवढ्या गाठी येतात. गाठ फुटते, ठणकते, बरी झाली तरी खड्डा किंवा जाड वण ठेवून जाते. क्वचित कुणाला हे एकदम उफाळतं. जखमा होतात, ताप चढतो, सांधे धरतात. असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता हे दिसतं कुणाला? पोरगं अंगात शर्ट घालून हिंडतं, बापाला काही दिसत नाही. पण बनियन आपण धुतो. पाठीकडच्या बाजूला पिवळे-तांबडे डाग, उशीची खोळ चार दिवसांत तेलकट, हे धुणाऱ्या बाईच्या हाताला पहिलं कळतं. पोरांनी आपले कपडे आपण धुवावेत हे खरंच, आणि त्यावर एकदा वेगळं बोलू. पण आज धुणं आपल्याकडं आहे, तर नजरही ठेवू.

दुसरी खूण म्हणजे चट्टे. बाळंतपणात आपल्या पोटावर कशा रेघा उमटतात? पोट भराभर वाढतं, कातडीला तेवढं ताणता येत नाही, ती आतून उसवते. पोराच्या काखेजवळ, खांद्यावर, दंडावर तशाच जांभळट-लाल रेघा उठतात. कारण तेच, स्नायू फुगतो आणि कातडी मागं पडते. पुढं त्या पांढऱ्या होतात, पण जात नाहीत. भराभर उंची वाढणाऱ्या पोरालाही कधी अशा रेघा येतात, म्हणून एकट्या रेघेवरून काही ठरवू नका.

तिसरी खूण सुईच्या जागेची. कुल्ल्यावर किंवा दंडावर गाठ, लाली, गळू. ही औषधं तेलात कालवलेली असतात. चोरून विकलेली बाटली स्वच्छ असेलच असं नाही. आणि एकाच सुईनं दोघा-तिघांनी टोचून घेतलं, तर एचआयव्ही आणि कावीळ बी, कावीळ सी या रोगांचं बी अंगात पडतं.

चौथी खूण सगळ्यात गंभीर. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज. यातल्या गोळ्या लिव्हरवर फार भार टाकतात. पिवळे डोळे दिसले की झाडपाला, मंत्र, गळ्यात माळ, यात एक दिवसही घालवू नका. रक्त तपासायचं, आणि काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगायचं.

आता केसांकडं येऊ. इथं एक नवल आहे. हा हार्मोन केसांच्या मुळाशी जाऊन आणखी तिखट रूप घेतो. हनुवटी, छाती आणि पाठीवरच्या मऊ लवेला तो म्हणतो, वाढ. डोक्यावरच्या केसाला म्हणतो, आटप. डोक्यावरचं मूळ हळूहळू बारीक होतं, दर वेळी उगवणारा केस आधीच्यापेक्षा पातळ, शेवटी नुसती लव राहते. कपाळाचे दोन्ही कोपरे मागं सरकतात, टाळू उघडी पडते. ज्या घरात टक्कल आहे, मग ते आईच्या माहेरचं असो की बापाकडचं, त्या पोराला हे जास्त लवकर गाठतं. चाळिशीत जायचे केस बाविशीत जातात. औषध सोडल्यावर पुळ्या बऱ्याच कमी होतात, पण गेलेले केस तसे परत येत नाहीत. भरती व्हायच्या आधीच पोरगं टोपी घालून हिंडायला लागतं.

पोरींच्या बाबतीत तर आणखी सांभाळून बोलावं लागतं. पोलीस भरतीत 30 टक्के जागा महिलांच्या आहेत, आपल्या लेकी मैदानावर उतरल्यात, आणि औषध विकणाऱ्याला पोरगा काय नि पोरगी काय, गिऱ्हाईकच. पोरीच्या अंगात हे औषध गेलं की हनुवटीवर आणि ओठावर राठ केस येतात, डोक्यावरचे विरळ होतात, पाळी चुकते, आवाज घोगरा होतो. घशाची बदललेली ठेवण पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. औषध सोडलं तरी आवाज बहुतेक तसाच राहतो.

हे माझ्या मनाचं नाही. जर्मनी देशाचे पूर्वी दोन तुकडे होते. त्यातल्या पूर्व जर्मनीनं 1970 आणि 1980 च्या दशकांत ऑलिम्पिकमधली पदकं जिंकायची म्हणून हजारो खेळाडूंना ही औषधं दिली. त्यात शाळकरी वयाच्या पोरीही होत्या. निळ्या गोळ्या हातावर ठेवायच्या आणि सांगायचं, या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत. पोरींनी विश्वासानं गिळल्या. पदकं आली. पण आवाज बदलले, अंगावर केस आले, पुळ्या आल्या, आणि कितीतरी जणींना पुढं आयुष्यभराची दुखणी लागली. 2000 साली बर्लिनच्या कोर्टानं तिथल्या क्रीडा संघटनेच्या प्रमुखाला आणि बड्या क्रीडा डॉक्टरला दोषी ठरवलं. पोरी घोगऱ्या आवाजात साक्ष द्यायला उभ्या राहिल्या तेव्हा त्या पस्तिशी-चाळिशीच्या बाया झाल्या होत्या.

तिथली सरकारी गोळी आणि इथली जिममधली पुडी, दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. "काही नाही गं, व्हिटॅमिन आहे." हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं.

आपल्याकडचंही एक उदाहरण सांगते. नरसिंग यादव हे तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले मल्ल. 2016 साली रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर त्यांच्या तपासणीत मेथँडिनोन नावाचं असंच स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं त्यांनी सांगितलं. देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे नाडानं, ते मानलंही. पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं मानलं नाही. 4 वर्षांची बंदी बसली आणि ते कुस्ती न खेळताच रिओहून परतले. कुणी काय केलं याचा निवाडा आपण करायचा नाही. आपल्या पोरांनी एवढंच घ्यावं, की कुणाच्या हातचं काय पोटात जातंय हे आधी बघावं, कारण शिक्षा अंगालाच भोगावी लागते. प्रोटीनच्या डब्यातही न लिहिता स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणं जगभर सापडली आहेत. ज्या डब्यावर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, तो घरात घेऊ नका.

आता एक नाजूक गोष्ट. सासवांनी जास्त नीट ऐका. बाहेरून हा हार्मोन भरपूर मिळायला लागला की शरीर म्हणतं, मग मी कशाला करू? आतलं काम थांबतं. पुरुषाचं बीज कमी होतं, कधी कधी शून्यावर येतं. उरलेल्या औषधाचं शरीर बाईच्या हार्मोनमध्ये रूपांतर करतं, म्हणून पोराची छाती बाईसारखी फुगते. तीही कातडीखाली हाताला लागणारी खूणच आहे. लग्न होतं, वर्ष-दोन वर्षं पाळणा हलत नाही, आणि बोल कुणाला लागतो? सुनेला. तिचे उपास, तिच्या तपासण्या, तिच्या माहेराला टोमणे. मूल होत नसेल तर आधी पोराचं वीर्य तपासा. ती तपासणी सोपी आणि स्वस्त आहे. आणि डॉक्टरनं विचारलं, की पूर्वी काही इंजेक्शनं घेतलीस का, तर त्यानं खरं सांगावं. औषध सोडल्यावर बऱ्याच जणांचं बीज काही महिन्यांत पुन्हा वाढतं, काहींना त्यासाठी उपचार लागतात.

एवढं ऐकून उद्या सकाळी पोराचा शर्ट ओढून पाठ बघायला जाऊ नका. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला पुळ्या येणारच, तो त्या वयाचा धर्म आहे. आणि पोरीच्या हनुवटीवर केस आले म्हणजे तिनं काही घेतलं, असंही नाही. पीसीओडी नावाच्या त्रासात बाईच्या अंगातच पुरुषी हार्मोन थोडा वाढतो. पाळी लांबते, पुळ्या येतात, हनुवटीवर केस येतात. ते कितीतरी पोरींना असतं, त्याला उपचार आहेत, त्यात लाज नाही. अशा पोरीला नावं ठेवली तर ती दवाखान्यात जायचीच बंद होईल.

मग ओळखायचं कसं? एक खूण धरून बसू नका, खुणा एकत्र मोजा. वीस-बाविशी उलटलेला पोरगा, आधी पाठ स्वच्छ होती, आणि महिना-दोन महिन्यांत पाठीवर गाठी आल्या. त्याच काळात वजन भसाभस वाढलं. चिडचिड वाढली, बारक्या गोष्टीवरून ताट फेकतो. खोलीत बाटल्या, सुया, किंवा नाव नसलेल्या गोळ्या. पैसे कुठं जातात ते सांगत नाही. असं चार बाजूंनी जुळून आलं, तर बोलायची वेळ झाली.

बोलायचं कसं? चारचौघांत नको, बापाच्या काठीसमोर तर नकोच. जेवायला वाढताना, दोघंच असताना विचारा, "पाठ लई खराब झालीय रे, दुखतं का?" दुखण्यापासून सुरुवात केली की लेकरू बोलतं. "काय घेतोस सांग" असं दरडावलं की खोटं बोलतं. त्यानं कबूल केलं तर आधी त्याच्या पाठीशी उभं राहा, हिशोब मागून करा.

औषध थांबवायचंच आहे, पण गुपचूप आणि एकट्यानं नको. बाहेरचा हार्मोन बंद झाला आणि आतला अजून सुरू व्हायचाय, अशा मधल्या काळात पोरगं गळून जातं. उत्साह नाही, झोप नाही, मन खचतं. कुणाच्या मनात जीव द्यायचेही विचार येतात. या काळात त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, मोफत आहे, तिथं मराठीतून बोलता येतं. तपासणीसाठी डोंगरकड्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून गरजेप्रमाणं हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात पाठवतात. कातडीचे डॉक्टर तिथं असतात. जाताना रिकाम्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला अंदाज बांधावा लागत नाही.

पाठीच्या गाठी फोडू नका. लिंबू, टूथपेस्ट, चुना, राख काही लावू नका. आपल्या हिंगोलीची हळद जगात नावाजलेली असली तरी पू धरलेल्या गाठीवर ती थापायची नाही. साध्या साबणानं हलक्या हातानं धुवा, सुती सैल बनियन घाला, रोज बदला. शेजाऱ्याच्या पोराला दिलेली मुरमाची गोळी आपल्या पोराला देऊ नका. मुरमाची एक जालीम गोळी अशी आहे, की तीही लिव्हरवर भार टाकते, आणि गरोदर बाईच्या पोटात चुकून गेली तर बाळात व्यंग येतं.

आणि ताकदीचं काय, हा प्रश्न उरतोच. पोलीस भरतीत पोरांना 1600 मीटर पळायला 20 गुण, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15, असे मैदानाचे 50 गुण आणि लेखी परीक्षेचे 100. म्हणजे दोन हिस्से खेळ वहीपेनाचा आहे, त्याला सुई नाही. 1600 मीटरला दम लागतो. फुगलेल्या दंडानं दम वाढत नाही, तो रोजच्या पळण्यानं वाढतो. अंगाला लागतं ते आपल्या घरात आहे. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे-गूळ, अंडी, दूध-दही आणि दारची केळी. वर आठ तास झोप. साताऱ्याकडच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचं ऑलिम्पिक पदक आणलं. अंग भरायची पहिली प्रसिद्ध स्टेरॉइड गोळी अमेरिकेच्या बाजारात आली 1958 साली, म्हणजे त्यानंतर 6 वर्षांनी. पोरांना हे जरूर सांगा.

शेवटी गटाचं काम. या महिन्याच्या बैठकीत हिशोब झाल्यावर अर्धा तास या विषयाला द्या. भरतीच्या तयारीसाठी कर्ज मागणाऱ्या बाईला अकादमीची पावती दाखवायला सांगा, म्हणजे पैसा फीला जातो की डब्या-बाटल्यांना, ते तिलाही कळेल. गावातल्या मेडिकलवाल्याला गटानं जाऊन सांगा, की चिठ्ठीशिवाय हार्मोनचं इंजेक्शन पोरांना देऊ नका. कायद्यानंही ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ऐकलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाचा मोफत नंबर आहे 1800-222-365, तिथं तक्रार करता येते. आशाताईंना बैठकीला बोलवा. आणि ज्या पोरी पहाटे पळतात, त्यांनाही बोलवा. त्यांच्यासमोर हे सगळं उघड बोला, म्हणजे उद्या कुणी "व्हिटॅमिन आहे" म्हणून पुडी पुढं केली, तर ती घरी येऊन आपल्याला दाखवायला त्यांना संकोच वाटणार नाही.

काही विचारायचं असेल तर चिठ्ठी लिहून आशाताईंजवळ द्या, नाव घातलं नाही तरी चालेल. पुढच्या वेळी त्या प्रश्नांची उत्तरं देऊ.